खुळखुळ्यातली पाचवी बी

"मुठीत काय गं, मुठीत काय?
टेकडीचं बाळ की वाऱ्याचा पाय?
उघड गं मूठ, दाखव तरी,
मग खुशाल ने तू घरी."

तोमेबाईंचा आवाज भाताच्या पेजेसारखा होता. जाडसर, बिनसाखरेचा, पण पोटात ऊब उतरवणारा. वीस वर्षांपूर्वी त्या पाळणाघराच्या फाटकाशी उभ्या राहायच्या आणि देवळाच्या टेकडीवरून पानं-बिया वेचून परतलेलं एकेक पोर त्यांच्यापुढे हात करायचं. मूठ उघडल्याशिवाय कुणालाही आत सोडणं नाही. चार वर्षांच्या चिगुसानं एकदाच त्यांना फसवलं. उजवी मूठ उघडली आणि डावीतली ओकची बी, तपकिरी, टोपीवाली, हळूच मोज्यात सरकवली. घरी नेऊन खणात ठेवली, रुमालाखाली. आठ दिवसांनी खण उघडला तर बीला दाभणानं पाडावं तसं गोल भोक, शेजारी पिठासारखा भुगा, आणि भुग्यात वळवळणारी एक पांढरी गुबगुबीत अळी. पोरगी किंचाळली नाही. तिनं खण लावून टाकला. ती गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

आता चिगुसा त्याच पाळणाघरात बाई होती. सगळ्यांत धाकट्या, एक-दीड वर्षाच्या पोरांचा वर्ग तिच्याकडे. त्याला सगळे 'पिल्लं' म्हणत. आणि नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी, दुपारच्या तीन वाजता, पिल्लं डोळे चोळत गाद्यांवरून उठत होती तेव्हा ती खेळण्यांच्या कपाटासमोर गुडघ्यांवर बसली होती. तळहातावर चार बिया होत्या. पाचवी सापडत नव्हती.

सकाळ किती छान उगवली होती! सोमवारी टेकडीवरून आणलेल्या बिया तिनं स्वतः उकळल्या होत्या, अळी आतल्या आत मरावी म्हणून. मग तीन दिवस वर्तमानपत्रावर पसरून उन्हात वाळवल्या. पोरांनी लाल-पिवळे कागद फाडले. फाडणं हेच त्या वयाचं खरं कौशल्य, आणि ते त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. खळीत बोटं बुडवून ते तुकडे बाटल्यांवर चिकटवले, थोडे स्वतःच्या गालांवर, एक वर्गातल्या जोडीदार तामायोबाईंच्या कोपरावर. दह्याच्या पेयाच्या इवल्या बाटल्या, दोन-दोन. एकीत पाच बिया घालायच्या, दुसरी तिच्यावर पालथी घालायची, तोंडाला तोंड, आणि सांध्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे. झाला खुळखुळा. शनिवारी आईबापांसमोर पिल्लं ते वाजवणार होती.

तीन वेढे. हा नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरजच नव्हती. भिंतीवर खिळ्याला टांगली होती ती पुठ्ठ्याची नळी, टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती. तिच्यातून जे आरपार पडतं ते तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात द्यायचं नाही. ओकची बी तर त्या नळीतून नाचत जाते.

शेवटचा खुळखुळा इतारुचा होता. त्याच्यावर गोगलगाईचं चित्र. पाळणाघरात प्रत्येक पोराची अशी खूण असते, खुंटीला, कपाला, गादीला. त्याच्या सांध्यावर एक वेढा दिला आणि पट्टी संपली. नवी गुंडाळी ऑफिसात होती. तामायोबाई पलीकडे लंगोट बदलत होत्या.

"काय गं, पट्टी लावतेयस की नवरीला नटवतेयस?" त्या तिकडूनच ओरडल्या. "डबे आले बघ दाराशी!"

इतारु तिच्या गुडघ्याला धरून उभा. बाकीच्या सगळ्यांच्या हातात खुळखुळे, याचेच हात रिकामे. त्याचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला. चिगुसाला वाटलं, दोनच मिनिटं. जेवण वाढून झालं की पट्टी आणते. तिनं खुळखुळा त्याच्या हातात दिला. मग कुणी सूप सांडलं, कुणी रडलं, कुणी दुसऱ्याच्या भातात हात घातला, आणि ती दोन मिनिटं साडेतीन तासांनी संपली, ती अशी, कपाटासमोर, गुडघ्यांवर.

दोन बाटल्या दोन दिशांना पडलेल्या. चार बिया.

तिनं गाद्या झटकल्या. लंगोटांची टोपली उपसली. इतारुच्या मोज्यांत, बाह्यांत, गळ्याखालच्या लाळेऱ्याच्या खिशात बोट घालून पाहिलं. त्याच्या तोंडात पाहिलं. सहा दात आणि गुलाबी जीभ. तो हसला.

"काय हरवलं?" तामायोबाईंनी विचारलं.

"काही नाही. बाटली सुटली एक."

"बिया?"

"आहेत," चिगुसा म्हणाली.

हा शब्द तोंडातून गेला आणि तिला वाटलं, आता तो परत बोलावता येईल. आत्ता. अजून. पण तामायोबाई वळल्या होत्या, आणि इतारु खाऊच्या टेबलाशी बसला होता, आणि रताळ्याचा पहिला घास घेताना तो खोकला.

एकदा. मग दोनदा.

खोकला काय, सगळीच पोरं खोकतात. बाहेर गारठा पडायला लागलाय. पण चिगुसाचे कान आता त्या पोराच्या गळ्याला चिकटले. तो हसला की ती ऐकायची, हसण्याखाली काही घरघर आहे का. तो गप्प झाला की ती वळून बघायची. मागच्या वर्षी शहरातल्या प्रशिक्षणात एका डॉक्टरनं सांगितलं होतं: दाणा गळ्यात अडकला तर पोर लगेच निळं पडतं, ते सगळ्यांना दिसतं. पण तो खाली फुप्फुसाच्या नळीत उतरला, तर थोडं खोकून पोर गप्प होतं, खेळतं, जेवतं. आणि तो दाणा आत बसून राहतो, फुगत. तेव्हा तिनं वहीत ते नीट लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून.

फुगत! उकळून वाळवलेली बी, तीन दिवस उन्हात कोरडी केलेली. ओल मिळाली की फुगणारच ना.

चार वाजता निरोपवह्या लिहायच्या असतात. प्रत्येक पोराची एक वही, सकाळी आई लिहिते, संध्याकाळी बाई. इतारुच्या वहीत सकाळची ओळ त्याच्या आईच्या घाईच्या अक्षरात होती: तापमान ३६.७. झोप छान. खोकला नाही. सर्दी नाही. चिगुसानं तिच्याखाली पेन टेकवलं. पेन थांबलं. मग तिनं लिहिलं, 'आज खुळखुळा केला. रताळं आवडीनं खाल्लं. थोडा खोकला.' ती ओळ पुन्हा वाचली. 'थोडा खोकला.' किती निरुपद्रवी दिसत होते ते दोन शब्द, पायपुसण्यावर बसलेल्या मांजरीसारखे.

आपण सांगितलं तर काय होईल? पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंसमोर उभं राहावं लागेल. गेल्या मार्चमध्ये एका पोराचं बोट दारात चेपलं होतं, तेव्हा दार तिनंच लावलं होतं. 'पुन्हा नको हं, चिगुसा,' एवढंच मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, आणि ते 'हं' तिच्या मनात अजून होतं. आणि नाही सांगितलं तर? बहुतेक बी कुठल्यातरी फटीतच असेल. उद्या झाडताना सापडेल. बहुतेक.

ती पुन्हा जाऊन कपाटाखाली हात घालून आली. तिथे धूळ होती आणि एक मण्यांचा रबरबँड.

पाचला पाच कमी असताना इतारुची आई आली. संत्र्यांच्या शेडमधून सरळ येते ती, त्यामुळे तिच्याबरोबर नेहमी सालींचा आंबटगोड वास येतो, आणि नखं कायम पिवळी. नवरा मालवाहू जहाजावर, तो वर्षातून दोनदा येतो.

"बाई, उशीर नाही ना झाला? आज शेडमध्ये नुसती झुंबड. आमची मुकादमीण तर माणसांनाच पेट्यांत भरायला निघाली होती!"

चिगुसा हसली. तोंड हसलं तेवढंच. इतारुनं आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिथेच खोकला, ओला, खोल.

"काय रे, बाईंना खोकून दाखवलंस, आता मला?" आई पटकन म्हणाली, आणि त्याची टोपी कानांवर ओढून तिनं पायऱ्या उतरायला सुरुवात केली. नेहमी ती दहा मिनिटं बोलायची. आज थांबली नाही.

चिगुसा दाराशी उभी. सायकलच्या मागच्या खुर्चीत इतारुला बसवलं गेलं. पट्टा लागला. फाटकाबाहेर गिंकोच्या झाडाखाली पिवळी पानं इतकी पडली होती की चाकाचा आवाज येईना. ती पिवळ्यातून पिवळ्यात निघाली आणि वळणाशी पोचली.

उघड गं मूठ, दाखव तरी.

चिगुसा वर्गात घालायच्या चपलांवरच धावली.

"इतारुच्या आई! थांबा! थांबा हो!"

सायकल कचकन थांबली. "काही राहिलं का?"

"नाही. त्याच्या खुळखुळ्यातली एक बी सापडत नाहीये. पाच होत्या, चारच आहेत. तो... खाऊच्या वेळेपासून खोकतोय. कदाचित काहीच नसेल. पण दवाखान्यात दाखवू या. आत्ता. मी येते बरोबर."

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग पोराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिच्या तोंडावरचा रंग असा उतरला, की चिगुसाला वाटलं ही आपल्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सायकल इथेच लावते," आई एवढंच म्हणाली.

तामायोबाईंना चिगुसानं फोनवर सांगितलं, दवाखान्याकडे चालता चालता. मग त्या म्हणाल्या, "मी सगळ्या चटया उचलते. तू जा. आणि वर्गातल्या चपलांवर गेलीयस, मूर्ख मुली, पाय गारठतील." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून चिगुसाला रडू आलं.

नदीकाठचा दवाखाना लहान होता. डॉक्टर पन्नाशीतले, कपाळावर चष्मा चढवलेले. त्यांनी स्टेथोस्कोप हातात चोळून गरम केला, मग इतारुच्या पाठीवर, छातीवर, पुन्हा पाठीवर. पोरानं त्यांच्या नळीलाच धरलं. एक्स-रे काढला. ते काचेसमोर बराच वेळ उभे राहिले.

"यात काही दिसत नाही," ते म्हणाले. "पण बी यात दिसतही नाही. लाकूड, दाणे, शेंगा, हे सगळं एक्स-रेच्या नजरेतून निसटतं. दोन्ही बाजूंना हवा जातेय. उजवीकडे किंचित घरघर आहे. ती सर्दीचीही असते."

"मग?" आईनं विचारलं.

"मग दोनच गोष्टी मला हव्यात. त्यानं बी तोंडात घालताना कुणी पाहिलं का?"

चिगुसानं मान हलवली. नाही.

"आणि हा खोकला कधीपासून?"

खोलीत हीटरचा घुंईऽ आवाज. इतारुच्या पिशवीतून काढलेली निरोपवही चिगुसाच्या मांडीवर होती. डॉक्टरांनी हात पुढे केला, वही उघडून वाचली. 'खोकला नाही. सर्दी नाही.'

"म्हणजे सकाळी ठणठणीत, आणि दुपारी बी हरवल्यावर एकदम खोकला." त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "असं असेल तर मी वाट बघू शकत नाही. मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो, दीड तासाचा रस्ता आहे. तिथे त्याला भूल देऊन नळीतून दुर्बीण घालून बघतील. दीड वर्षाच्या पोराला भूल देणं मलाही आवडत नाही, आईसाहेब. खोकला आधीपासूनचा असता, सर्दीनंच आलेला, तर आजची रात्र इथेच नजरेसमोर ठेवला असता. पण तसं नाहीये, म्हणून."

त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला.

चिगुसानं इतारुच्या आईकडे पाहिलं. आई पोराच्या मोज्याची शिवण अंगठ्याच्या पिवळ्या नखानं खरवडत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. आणि तेव्हा चिगुसाला सकाळ आठवली. दारात इतारुला हातात घेतलं तेव्हा त्याच्या तोंडाला स्ट्रॉबेरीचा वास येत होता, दाट गोड, औषधी. 'जॅम-पाव खाल्लाय लबाडानं,' आई म्हणाली होती, विचारायच्या आधीच. चिगुसाला खोकल्याचं सिरप माहीत नव्हतं असं थोडंच! पण इतारु खेळत होता, आई घाईत होती, आणि तिलाही विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर पोराला घरी पाठवावं लागलं असतं. गेल्या महिन्यात आईचे चार दिवस असेच बुडाले होते. मुकादमीण म्हणाली होती म्हणे, अजून एक दिवस बुडाला तर दुसरी बाई बघते.

आता ती वही खोटी ठरवावी का? म्हणावं का, डॉक्टर, यांच्या पोराच्या तोंडाला वास येत होता? दुसऱ्याची मूठ उघडायला निघालेल्या या आपल्या हाताची मूठ कुठे उघडी होती? फाटकाशी धावत जाऊन तिनं काय सांगितलं होतं? बी सापडत नाही. बी! जशी काही बीच आपण होऊन उठली आणि चालू लागली.

डॉक्टर फोनवर कुणाला तरी थांबा म्हणत होते.

"डॉक्टर," चिगुसा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "इतारुच्या आई. मी मघाशी सगळं नाही सांगितलं. पट्टीचे तीन वेढे द्यायचे असतात. याच्या खुळखुळ्याला मी एकच दिला. पट्टी संपली होती, तो रडत होता, म्हणून मी तसाच दिला. दोन मिनिटं म्हणून. आणि विसरले. तामायोबाईंनी बियांचं विचारलं तेव्हा आहेत म्हणून खोटं बोलले. पाच घातल्या होत्या हे सुद्धा... मी नेहमी पाच घालते, पण याच्या वेळी मोजल्या होत्या का, मला शपथेवर सांगता येत नाही. तीनला कळलं आणि पाचपर्यंत मी काही बोलले नाही. तुमचं पोर दोन तास खोकत होतं आणि मी वहीत 'थोडा खोकला' लिहिलं."

इतारुनं डॉक्टरांच्या टेबलावरची पेन्सिल ओढली आणि खाली पाडली. ती घरंगळत चिगुसाच्या ओल्या चपलेपाशी येऊन थांबली. चपलेला गिंकोचं एक पान चिकटलं होतं.

चिगुसाच्या खिशातला फोन थरथरला. तामायोबाईंचा संदेश: सगळ्या चटया पाहिल्या. नाही सापडली. आता नळ्या-मोऱ्या उघडतोय. मोठ्या बाईही आल्यात.

तिनं फोन आईला दाखवला. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे सोपं काही झालंही नव्हतं. पोर पुन्हा खोकलं. खोकला सरला, पोरानं शिंक दिली, आणि आईनं बाहीनं त्याचं नाक पुसलं. पुसता पुसता तिचा हात मध्येच थांबला.

"बाई, तुम्ही त्याला का दिलात तो खुळखुळा?" आई म्हणाली. तिला उत्तर नको होतं. ती बाहीवरच्या शेंबडाकडे बघत होती. "रडतो ना. ओठ काढतो तो. मलाही नाही बघवत ते. मीही देऊन टाकते काय मागेल ते."

"ओळखीचं आहे ते हॉस्पिटल," डॉक्टर रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "गाडी वीस मिनिटांत येईल. भुलीच्या कागदावर सही लागेल. आईसाहेब?"

त्यांनी कागद पुढे सरकवला. आईनं पेन हातात घेतलं. 'आजाराची सुरुवात' असं लिहिलेल्या चौकटीशी तिचं पेन येऊन थांबलं. चिगुसाला ते पेन ओळखीचं वाटलं. चार वाजता तिचं असंच थांबलं होतं. तिनं काही म्हटलं नाही. फक्त इतारुचा पाय, पाच इवल्या बोटांचा, मोज्यासकट आपल्या मुठीत धरला, आणि मग मूठ सैल केली.

आईनं पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, फोन जरा थांबवा," ती म्हणाली. डोळे मिटून, एका दमात, थंड पाण्यात उडी मारावी तशी. "हा परवा रात्रीपासून खोकतोय. काल रात्री तर झोपलाच नाही. पहाटे अडतीस ताप होता. मी सिरप पाजलं, तापाचं औषध दिलं, उतरेपर्यंत थांबले आणि मग मोजला. वहीतलं सगळं मी खोटं लिहिलंय."